क्रीमच्या डबीवर काय वाचायचं आणि काय टाळायचं: स्किनकेअरची सुरुवात करणाऱ्यांसाठी

स्किनकेअरला सुरुवात केली की भोवतालचे सगळे आधी पॅराबेन, सल्फेट आणि सिलिकोन या क्रीम-फेसवॉशमधल्या द्रव्यांची भीती घालतात. मी सुरुवात तिथून करणार नाही. आपल्याकडे क्रीम लावून माणसं खरोखर आजारी पडली, कुणाची मूत्रपिंडं तर कुणाचा चेहरा खराब झाला, त्यामागे बहुतेक वेळा दोनच गोष्टी निघाल्या: पारा आणि स्टेरॉइड. यातला पारा घटकांच्या यादीत सहसा लिहिलेलाच नसतो. त्यामुळे यादी कितीही बारकाईने वाचली तरी तो सापडेलच असं नाही. म्हणून यादीच्याही आधी, ही क्रीम आली कुठून, हे बघायचं.

पायरी 1: डबीची ओळखपाळख तपासा

भारतात सौंदर्यप्रसाधनांना 2020 चे सौंदर्यप्रसाधन नियम लागू आहेत. त्यानुसार पाकिटावर उत्पादकाचं नाव आणि पत्ता, बॅच नंबर, उत्पादन परवान्याचा क्रमांक, कधीपर्यंत वापरायचं ती तारीख आणि घटकांची यादी असायला हवी. माल परदेशातून आला असेल तर नोंदणी प्रमाणपत्राचा क्रमांक आणि ते प्रमाणपत्र ज्याच्या नावावर आहे त्याचं नाव-पत्ता हवा.

एवढं बघायला अर्धं मिनिट लागतं. पार्लरमध्ये "आमची स्पेशल आहे" म्हणून दिलेली बिनलेबलची पांढरी डबी, व्हॉट्सॲप ग्रुपवर विकली जाणारी "इम्पोर्टेड" नाइट क्रीम, फक्त उर्दू, थाई किंवा चिनी मजकूर असलेला आणि इथल्या आयातदाराचा पत्ता नसलेला बॉक्स, यातलं काहीही घेऊ नका. देणारी बाई ओळखीची असली, तिच्या स्वतःच्या चेहऱ्यावर फरक दिसत असला तरी घेऊ नका. तिलाही बहुतेकदा डबीत काय आहे ते माहीत नसतं. तीही कुणाकडून तरी घाऊक आणते.

पायरी 2: पारा कसा ओळखायचा

अकोल्यातल्या एका घरातली तरुण मुलगी, तिची आई आणि बहीण, तिघींच्याही मूत्रपिंडांना इजा झाल्याचं प्रकरण 2023 मध्ये बातम्यांमध्ये आलं. तिघी एकच क्रीम लावत होत्या आणि ती एका स्थानिक ब्युटीशियनकडून घेतलेली होती. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांनी धागा पकडला, क्रीमची प्रयोगशाळेत तपासणी झाली आणि तिच्यात पारा निघाला.

त्याच सुमारास केरळात मलप्पुरम जिल्ह्यातल्या कोट्टक्कल इथल्या डॉक्टरांना असंच दिसत होतं. जुलै 2021 ते सप्टेंबर 2023 या काळात त्यांच्याकडे मेम्ब्रेनस नेफ्रोपथी या मूत्रपिंडाच्या आजाराचे 22 रुग्ण आले. त्यातल्या 15 जणांमध्ये या आजाराचा एक विशिष्ट, एरवी क्वचित आढळणारा प्रकार निघाला. खोदून विचारल्यावर त्या 15 पैकी 13 जणांनी गोरं करणारी क्रीम वापरत असल्याचं सांगितलं. क्रीम बंद केल्यावर बहुतेकांची तब्येत सुधारली. ही दिलासा देणारी गोष्ट आहे, पण ती वेळेत कुणीतरी प्रश्न विचारला म्हणून घडली.

पारा घालतात कशासाठी? त्वचेला रंग देणारं मेलॅनिन तयार व्हायला टायरोसिनेज नावाचं एन्झाइम लागतं. पारा त्याचंच काम अडवतो. त्यामुळे आठ-पंधरा दिवसांत चेहरा उजळ दिसू लागतो आणि क्रीम "गुणाची" ठरते. दरम्यान तो त्वचेतून रक्तात जातो, मूत्रपिंडात साठतो. शिवाय तो वाफेच्या रूपाने हवेत जातो, टॉवेलला आणि उशीच्या अभ्र्याला लागतो. म्हणजे आईने क्रीम लावली तर तिच्या कुशीत झोपणाऱ्या बाळालाही त्याची बाधा होऊ शकते.

कायद्याने पाहिलं तर भारतात सौंदर्यप्रसाधनात अनवधानाने आलेला पारासुद्धा दहा लाखात एक भाग यापेक्षा जास्त चालत नाही. अपवाद फक्त डोळ्यांच्या प्रसाधनांचा, तिथे मर्यादा 70 भागांची आहे. पाऱ्याचा वापर थांबवण्यासाठीच्या मिनामाता कराराला भारताने 2018 मध्ये मान्यता दिली. तरीही बेकायदा माल येतोच, म्हणून स्वतः काही खुणा लक्षात ठेवाव्यात.

सगळ्यात बोलकी खूण म्हणजे पाकिटावरची एक विचित्र सूचना: सोनं, चांदी, ॲल्युमिनियम किंवा रबर यांना ही क्रीम लागू देऊ नका. साध्या मॉइश्चरायझरला सोन्याच्या अंगठीचं काय भय? पारा मात्र सोन्या-चांदीला लागला की त्यांच्याशी एकजीव होतो आणि दागिना पांढुरका पडतो. ही ओळ दिसली की डबी तशीच ठेवून द्या. दुसरी खूण नावांची. क्वचित यादीत कॅलोमेल, मर्क्युरस क्लोराइड, मर्क्युरिक आयोडाइड किंवा अमोनिएटेड मर्क्युरी असं लिहिलेलं असतं. ही सगळी पाऱ्याचीच रूपं. तिसरी खूण म्हणजे "सात दिवसांत गोरेपणा" असलं आश्वासन. त्वचेचा वरचा थर नव्याने यायलाच साधारण चार आठवडे लागतात. त्याआधीच कुणी चमत्कार दाखवत असेल तर त्या डबीत काय आहे हा प्रश्न पडलाच पाहिजे.

पायरी 3: मेडिकलमधली ट्यूब

आता असा घटक, जो पाकिटावर चक्क लिहिलेला असतो आणि तरीही लाखो लोक तो चेहऱ्याला लावतात. मेडिकलमध्ये जाऊन "वांगावरची ट्यूब द्या" म्हटलं की हातात जी ट्यूब पडते, ती एकदा उलटी करून वाचा. बऱ्याचदा तिच्यावर तीन नावं दिसतील: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन. पहिलं रंग फिका करतं, दुसरं त्वचेचे थर सोलवटतं, तिसरं स्टेरॉइड, म्हणजे सूज आणि लाली दाबणारं औषध, आहे. हे मिश्रण डॉक्टर वांगासाठी ठरावीक आठवड्यांपुरतं, देखरेखीखाली देतात. रोजची फेअरनेस क्रीम म्हणून महिनोन्महिने लावायची ती वस्तूच नव्हे.

स्टेरॉइडचा खेळ फसवा असतो. पहिल्या काही दिवसांत मुरुमं दबतात, लाली जाते, चेहरा तुकतुकीत दिसतो. मग त्वचा पातळ होऊ लागते, गालांवर बारीक लाल शिरा दिसतात, नवे मुरुम उठतात, बायकांच्या चेहऱ्यावर लव वाढते, उन्हात गेलं की भगभगतं. घाबरून ट्यूब बंद केली की दोन-चार दिवसांत चेहरा लालभडक होतो, आग होते, म्हणून माणूस पुन्हा तीच ट्यूब लावतो. त्वचारोगतज्ज्ञांनी या अवस्थेला "टॉपिकल स्टेरॉइड डॅमेज्ड फेस" असं वेगळं नावच दिलंय, इतके रुग्ण त्यांच्याकडे येतात.

नावं ओळखायला एक सोपी युक्ती आहे. त्वचेच्या क्रीमवर शेवटी "सोन", "सोल" किंवा "लोन" असलेलं नाव दिसलं की थांबा: बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन. क्लोट्रिमॅझोल, मायकोनॅझोल अशी "झोल"वाली नावं मात्र बुरशीवरच्या औषधांची असतात, त्यांची गल्लत करू नका. अडचण अशी की आपल्या बाजारात नायट्यावरच्या कित्येक ट्यूबमध्ये "झोल" आणि "सोल" दोन्ही एकत्र असतात. अशी ट्यूब जांघेतल्या नायट्याला लावली की खाज लगेच थांबते. खाली बुरशी मात्र पसरत राहते आणि पुढे नेहमीच्या औषधांना दाद देत नाही.

2018 मध्ये केंद्र सरकारने अशी 14 स्टेरॉइडं, त्वचेवर लावायची असली तरीही, शेड्यूल एचच्या कक्षेत आणली. म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. पाकिटावर आरएक्स हे चिन्ह आणि शेड्यूल एचची सूचना असते. मेडिकलवाला चिठ्ठी न मागता देत असला तरी तुम्ही ती चिठ्ठीशिवाय घेऊ नका.

हायड्रोक्विनोनबद्दल एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. ते वर्षानुवर्षं लावलं तर उलट परिणाम होऊन त्वचेवर निळसर-काळे कायमचे डाग पडू शकतात. युरोपात साध्या सौंदर्यप्रसाधनांत त्याला बंदी आहे आणि अमेरिकेतही 2020 पासून ते चिठ्ठीशिवाय मिळत नाही. गरोदर असाल किंवा बाळाचा विचार करत असाल तर हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि त्याच्याच जातीच्या रेटिनॉलचे सगळे प्रकार बाजूला ठेवा.

पायरी 4: यादी वाचायला शिका

ओळखीच्या कंपनीची, व्यवस्थित लेबलची क्रीम हातात आली की मग घटकांची यादी. नियम असा की ज्याचं प्रमाण जास्त ते आधी, आणि एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक शेवटी, कोणत्याही क्रमाने.

यात एक फार उपयोगी खूण आहे. फिनॉक्सीइथेनॉल हे परिरक्षक, म्हणजे क्रीम खराब होऊ न देणारं द्रव्य, सहसा एक टक्क्यापर्यंतच घालतात. यादीत ते शोधा. त्याच्यानंतर जे काही येतं ते साधारणपणे एक टक्क्याच्या आत असतं. आता डबीच्या पुढच्या बाजूला केशर, चंदन आणि हळदीची मोठमोठी चित्रं बघा आणि ती नावं यादीत कुठे आहेत ते बघा. बहुतेकदा फिनॉक्सीइथेनॉलच्या खाली, सुगंधाच्या शेजारी सापडतील. केशर आहे, पण नावापुरतं.

"हर्बल", "केमिकल-फ्री", "डर्माटोलॉजिकली टेस्टेड" हे शब्द पुढच्या बाजूला कितीही मोठे असले तरी त्यावरून निर्णय घेऊ नका. कोणती चाचणी, किती लोकांवर, निकाल काय, यातलं काहीही ते सांगत नाहीत. पाऱ्याच्या कित्येक डब्या "हर्बल" म्हणूनच विकल्या गेल्या आहेत.

पायरी 5: परिरक्षकं, आणि पॅराबेनची अवाजवी भीती

पाणी असलेल्या कुठल्याही क्रीममध्ये परिरक्षक लागतंच, नाहीतर आपल्या कोकणातल्या पावसाळ्यात तिच्यात पंधरा दिवसांत बुरशी धरेल. प्रश्न फक्त कोणतं, एवढाच.

मिथाइलपॅराबेन आणि इथाइलपॅराबेन ही परिरक्षकं पाहून घाबरायचं कारण मला दिसत नाही. युरोपात 2014 मध्ये आयसोप्रोपाइल, आयसोब्युटाइल, फिनाइल, बेंझाइल आणि पेंटाइल ही पाच पॅराबेनं बंद झाली, पण मिथाइल आणि इथाइल ठरलेल्या प्रमाणात आजही चालतात. ॲलर्जीच्या बाबतीत तर पॅराबेन इतकी सौम्य की अमेरिकेतल्या कॉन्टॅक्ट डर्माटायटिसच्या (त्वचेला काही लागून होणाऱ्या दाहाच्या) तज्ज्ञांच्या संस्थेने 2019 मध्ये त्यांना मुद्दाम "नॉन-ॲलर्जन ऑफ द इयर" ठरवलं.

नुकसान झालं ते पॅराबेनच्या जागी जे आलं त्यामुळे. "पॅराबेन-फ्री" लिहिता यावं म्हणून अनेक कंपन्यांनी मिथाइलआयसोथायाझोलिनोन हे दुसरं परिरक्षक वापरायला सुरुवात केली आणि ॲलर्जीचे रुग्ण झपाट्याने वाढले. याच संस्थेने 2013 मध्ये त्याला "ॲलर्जन ऑफ द इयर" ठरवलं होतं. पुढे युरोपने त्वचेवर राहणाऱ्या क्रीममधून ते काढून टाकलं. तेव्हा लावून ठेवायच्या क्रीममध्ये, आणि ओल्या वाइप्समध्येसुद्धा, हे नाव दिसलं तर दुसरी वस्तू घ्या. डीएमडीएम हायडँटोइन, क्वाटर्नियम-15, इमिडाझोलिडिनाइल युरिया आणि डायाझोलिडिनाइल युरिया या परिरक्षकांतून थोडंथोडं फॉर्माल्डिहाइड, म्हणजे ॲलर्जी आणू शकणारं रसायन, सुटत राहतं. संवेदनशील त्वचेला तेही नकोत.

सोडियम लॉरिल सल्फेट हे फेस आणणारं द्रव्य धुऊन टाकायच्या फेसवॉशमध्ये बहुतेकांना चालतं, फक्त कोरड्या आणि इसब असलेल्या त्वचेला ते सोसत नाही. शुद्ध पेट्रोलियम जेलीला उगाच बदनाम केलंय. हिवाळ्यात फुटलेल्या टाचांना तिच्याइतकं स्वस्त आणि निर्धोक दुसरं क्वचितच काही असेल.

पायरी 6: सुगंध

यादीत फ्रॅग्रन्स किंवा परफ्यूम हा एकच शब्द असतो, पण त्याच्या पोटात कित्येक रसायनं असू शकतात. ॲलर्जीच्या कारणांत सुगंध कायम वरच्या क्रमांकांवर असतो. लव्हेंडर, टी ट्री, लिंबाचं तेल अशी "नैसर्गिक" सुगंधी तेलंही यात आली. नव्याने सुरुवात करताना बिनवासाचीच क्रीम घ्या, आणि अनसेंटेड नव्हे तर फ्रॅग्रन्स-फ्री असं लिहिलेली घ्या. अनसेंटेडमध्ये मूळ वास झाकायला दुसरा सुगंध घातलेला असू शकतो.

पायरी 7: मेंदी, टिकली, काजळ

स्किनकेअरवर लिहिताना या गोष्टी सहसा सुटतात. आपल्या घरात मात्र फेस सीरमपेक्षा त्याच जास्त वापरल्या जातात.

लग्नाच्या हंगामात तासाभरात काळीभोर होणारी मेंदी मिळते. खऱ्या मेंदीचा रंग आधी केशरी येतो आणि एक-दोन दिवसांत गडद तपकिरी होतो. ती काळी कधीच होत नाही. काळ्या मेंदीत बहुधा पॅरा-फिनिलीनडायअमीन, म्हणजे पीपीडी, हे केस रंगवायचं रसायन मिसळलेलं असतं. त्याने हातावर फोड येतात, कधी कायमचा व्रण राहतो. त्याहून वाईट म्हणजे एकदा शरीर बिथरलं की पुढे आयुष्यभर हेअर डायचीही तीव्र ॲलर्जी येऊ शकते. नवरीच्या हाताला तर नाहीच, हौसेने पुढे केलेल्या लहान मुलीच्या हातालाही ती लावू नका. हेअर डाय लावण्याआधी 48 तास कोपराच्या आतल्या बाजूला थोडा लावून बघणं यासाठीच गरजेचं आहे.

टिकलीच्या जागी कपाळावर पांढरा डाग पडलेल्या बायका तुम्ही पाहिल्या असतील. चिकटवायच्या टिकलीच्या गोंदात पॅरा-टर्शरी-ब्युटाइल-फिनॉल असू शकतं आणि ते रंग तयार करणाऱ्या पेशी मारतं. खाज सुटली किंवा जागा फिकट वाटू लागली की टिकली ताबडतोब बंद करा आणि त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

बाळाला काजळ नको. आजी रागावल्या तरी नको. काही काजळांत, सुरम्यात आणि सिंदुरात शिसं आढळलं आहे, आणि लहान मुलांच्या मेंदूला शिशाची कोणतीही मात्रा सुरक्षित नाही. दृष्ट लागू नये म्हणून तीट लावायचीच असेल तर ती तळपायाला लावा आणि बाळ पाय तोंडात घालायला लागलं की तीही बंद करा. अमेरिकेत राहणाऱ्या नातेवाइकांसाठी बॅगेत सुरमा भरणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं की तिथे त्याला प्रसाधनातला रंग म्हणून परवानगीच नाही.

पायरी 8: स्वयंपाकघरातलं सगळंच निर्धोक नसतं

लिंबाचा रस चेहऱ्याला लावून उन्हात गेलं की त्यातल्या द्रव्यांवर उन्हाची क्रिया होऊन त्वचा भाजल्यासारखी होते आणि मागे काळे पट्टे राहतात. त्वचा मुळात किंचित आम्लधर्मी असते. खायचा सोडा त्याच्या नेमका उलटा, म्हणून तो चोळला की वरचा संरक्षक थर बिघडतो. मुरुमावर टूथपेस्ट लावू नका. चामखीळ जाळायला बिब्बा किंवा चुना-सोडा तर अजिबात नको. बिब्ब्याच्या तेलाने अंगभर पुरळ उठलेली माणसं गावोगाव भेटतील.

दुधाची साय, साधं खोबरेल, बेसन हे ज्यांना सोसतं त्यांनी खुशाल वापरावं.

पायरी 9: लावून बघण्याची पद्धत

एका वेळी एकच नवी वस्तू. कोपराच्या आतल्या बाजूला, रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवर, दिवसातून दोनदा, सात ते दहा दिवस लावा. एकदाच लावून "काही झालं नाही" म्हणू नका, कारण ॲलर्जी उमटायला बरेच दिवस लागू शकतात. लाली, खाज, पुरळ काही नाही आलं तर मगच चेहऱ्याला लावा. फेसवॉशची चाचणी घेताना तो चेहऱ्यावर जेवढा वेळ ठेवता तेवढाच हातावर ठेवून धुवा.

डबीवर उघड्या झाकणाचं छोटं चित्र आणि त्यात 6एम किंवा 12एम असं असतं. उघडल्यापासून तितके महिने. झाकणावर पेनाने उघडल्याची तारीख लिहून ठेवली की गोंधळ होत नाही.

पायरी 10: आधीच लावून झालं असेल तर

पाऱ्याचा संशय असलेली क्रीम आजच बंद करा. ती कचऱ्यात किंवा बेसिनमध्ये टाकू नका. घट्ट बंद होणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा, ती तपासणीसाठी उपयोगी पडेल. त्या काळात वापरलेले टॉवेल आणि अभ्रे बाजूला काढा. पायांवर किंवा डोळ्यांभोवती सूज असेल, लघवीला फेस येत असेल तर थांबू नका. डॉक्टरांना "मी ही क्रीम लावत होते" हे स्वतःहून सांगा, कारण ते विचारतीलच असं नाही. लघवीतलं प्रथिन आणि पारा दोन्ही तपासता येतात. घरातल्या आणखी कुणी तीच क्रीम लावली असेल तर त्यांचीही तपासणी करून घ्या.

स्टेरॉइडची ट्यूब कित्येक महिने चालू असेल तर मात्र मनाने एकदम तोडू नका. त्वचारोगतज्ज्ञांकडे ट्यूब घेऊन जा. ती कशी कमी करायची, मधल्या काळातली आग कशी सोसायची, हे ते ठरवतील. चेहरा पूर्ववत व्हायला काही महिने लागतात आणि त्या महिन्यांत घरच्यांनी "आधी किती छान दिसत होतीस" असं म्हणणं टाळलं तर फार मदत होते.

तक्रारीसाठी बॉक्स, बिल आणि बॅच नंबरचा फोटो जपून ठेवा. महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाचा टोल-फ्री क्रमांक 1800-222-365 आहे. औषधी क्रीमचा दुष्परिणाम झाला असेल तर राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रमाच्या 1800-180-3024 या क्रमांकावर स्वतः रुग्णालाही कळवता येतं, डॉक्टरच लागतात असं नाही. बिल नसेल, क्रीम पार्लरमधून आली असेल, तरीही कळवा. त्या डबीसारख्याच आणखी डब्या त्याच कपाटात विकायला ठेवलेल्या असतात.